एका भाषेच्या दोन लिपी: कॅम्प नं. ३ ते एक्सएमएल

१/ उल्हासनगरच्या पत्त्यांत आजही 'कॅम्प नं. ३' असे लिहिले जाते. छावणी इतिहासजमा झाली, क्रमांक उरला. याच नगरातील सिंधी भाषेच्या दोन लिपींचा आणि त्यांना सामावून घेणाऱ्या संगणकीय दस्तऐवजांचा हा धागा.

२/ फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी छावणीत आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नगराची पायाभरणी झाली. नाव पडले उल्हास नदीवरून.

३/ त्यांची शालेय लिपी अरबी वळणाची होती. सिंध मुंबई इलाख्यात असताना, १८५३ मध्ये, ब्रिटिशांनी ही ५२ अक्षरांची लिपी प्रमाण ठरवली. १९४८ मध्ये भारत सरकारने देवनागरी पुढे केली. वाद झाला आणि अखेर दोन्ही लिपी राहिल्या. त्यामुळे केवळ देवनागरी शिकलेल्या नातवाला आजोबांचे पत्र ऐकून समजते, वाचता येत नाही.

४/ मग लिप्यंतर संगणकाकडे का सोपवू नये? १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएल प्रमाणित झाले. मजकुराभोवती 'हे शीर्षक', 'ही तारीख' अशा खुणा करण्याची ही पद्धत युनिकोडवर उभी आहे.

५/ पण सिंधीतील ॻ, ॼ, ॾ, ॿ ही श्वास आत ओढून उच्चारायची अक्षरे युनिकोडमध्ये २००६ साली आली. एक्सएमएलच्या मजकुरात ती चालत, खुणांच्या नावांत नाही. कारण नावांची अक्षरयादी १९९६ च्या युनिकोडवर थांबली होती. २००८ च्या पाचव्या आवृत्तीने ही अट सैल केली.

६/ रूपांतराचे काम एक्सएसएलटी या भाषेचे. १९९९ च्या पहिल्या आवृत्तीतील अक्षरबदलाची सोय एका अक्षराजागी एकच अक्षर ठेवी. २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शेजारची अक्षरे पाहून निर्णय घेता येऊ लागला. तरीही अडचण उरली: अरबी वळणाच्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. ते शब्द ओळखूनच भरावे लागतात.

७/ उलट वाट आणखी बिकट. से, सीन आणि साद या तिन्ही अक्षरांचा देवनागरीत 'स' होतो. मूळ अक्षर कोणते, हे 'स' पाहून सांगता येत नाही. म्हणून लिप्यंतर करून मूळ पाठ टाकून देणे म्हणजे पुरावा नष्ट करणे.

८/ यावर एक्सएमएलमध्ये साधा मार्ग आहे. दोन्ही पाठ शेजारी ठेवावेत आणि प्रत्येकाला भाषा व लिपी सांगणारी खूण जोडावी. नातू देवनागरी वाचेल. संशोधक मूळ अक्षर तपासेल.

९/ १० एप्रिल १९६७ रोजी सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. तेथे भाषेचे नाव आहे, लिपीचे नाही. घटनेने जो प्रश्न मोकळा ठेवला, तो दस्तऐवज जपणाऱ्यांनी एकाच लिपीच्या बाजूने मिटवू नये.