एका गुणाने हुकलेली शाळा

आजची गोष्ट अमेरिकेतल्या बोस्टनची. तिथली बोस्टन लॅटिन स्कूल सुरू झाली १६३५ साली. म्हणजे तेव्हा आपले शिवाजी महाराज ५ वर्षांचे! बेंजामिन फ्रँकलिनही इथे होता, पण शाळा पूर्ण न करताच बाहेर पडला. शाळा सरकारी, त्यामुळे फी नाही, आणि प्रवेशासाठी ही झुंबड.

मग प्रवेश कोणाला? इथे गंमत आहे. लॅटिनसह ३ नामांकित सरकारी शाळांसाठी बोस्टनने अनेक वर्षं जी परीक्षा वापरली, ती मुळात खासगी शाळांच्या प्रवेशासाठी बनलेली. नाव आयएसईई. सहावीतली पोरं ती द्यायची. तिचे गुण आणि शाळेतले गुण मिळून यादी लागायची.

आता, या शाळांतली मुलं पुढे चमकतात हे खरंच. पण श्रेय कोणाचं? शाळेने घडवलं म्हणून, की परीक्षेने आधीच हुशार मुलं वेचली म्हणून?

अब्दुलकादिरोग्लू, जोशुआ अँग्रिस्ट आणि पराग पाठक या अर्थतज्ज्ञांनी हेच तपासलं. न्यूयॉर्कच्या अशाच शाळाही घेतल्या. युक्ती साधी होती. कट-ऑफच्या जरा वरची मुलं आणि जरा खालची मुलं, यांची तुलना करायची. दोघांत फरक एक-दोन प्रश्नांचा, म्हणजे जवळपास नशिबाचाच. आम्हा कोड लिहिणाऱ्यांच्या भाषेत, आपोआप घडलेली ए-बी टेस्ट!

२०१४ साली त्यांचा पेपर छापून आला. आत गेलेल्यांना वर्गमित्र कितीतरी हुशार मिळाले होते. तरी राज्याच्या परीक्षांत आणि एसएटीत ते बाहेर राहिलेल्यांच्या फारसे पुढे गेले नाहीत. पेपरचं नावच 'द एलिट इल्यूजन', म्हणजे नामांकित शाळेचा आभास.

पण घाई नको. हा निष्कर्ष रेषेजवळच्या मुलांपुरता आहे, अगदी वरच्या मुलांबद्दल तो काही बोलत नाही. शिवाय शाळेत मिळणारी दोस्ती, ओळखी, आत्मविश्वास हे मार्कांत मोजता येत नाही.

पुढे कोविडमध्ये बोस्टनने परीक्षा थांबवली. २०२१ साली नियमच बदलले, साधारण सारख्या आर्थिक परिस्थितीतल्या मुलांची आपसात स्पर्धा व्हावी म्हणून. यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या.

तुमच्यापैकी कोणाचा कट-ऑफ एका गुणाने हुकला असेल, तर बोस्टनचा निकाल तुमच्या परीक्षेला जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही. एवढं मात्र नक्की, की रेषेच्या जरा वरचं पोर आणि जरा खालचं पोर आदल्या दिवशीपर्यंत जवळपास सारखंच होतं. घरातल्या धाकट्यांना हे सांगा. भेटू पुढच्या भागात!