उपदेशकाचे उघडे घर

हल्ली मोबाईलवर धर्मोपदेशकांचे घर दिसू लागले आहे. कीर्तनकार बुवा मुलीला सायकल शिकवीत आहेत, पाद्रीसाहेब बागेला पाणी घालीत आहेत, अशी चित्रे आमच्या कोरेगावातही घरोघर पोहोचतात. त्यांत उपदेशाचा शब्द नसतो; पण पाहणाराच्या मनातला परकेपणा थोडा उणा होतो. काही वडीलधाऱ्यांना हा उथळपणा वाटतो. मला मात्र यात एक जुनी मराठी रीत दिसते, आणि तिची किंमत कोणाला मोजावी लागली हेही आठवते.

तुकोबांनी दुष्काळात घराची झालेली वाताहत अभंगांतून सांगितली. बहिणाबाईंनी पतीच्या हातचा मारही लपविला नाही. म्हणूनच ही माणसे आपल्याला देव्हाऱ्यातल्या मूर्तींसारखी दूरची वाटत नाहीत.

ख्रिस्ती उपदेशकांची सुरुवात निराळी झाली. १८४२ साली अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ निघाला, तो खंडनमंडनाचा काळ होता. वादात माणूस कधी हरतो, कधी जिंकतो. पण वाद करणाऱ्याला कोणी माजघरात बोलावीत नाही. पुढे बाबा पदमनजींनी ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहून आपल्या मनाची घालमेल उघड केली, तेव्हा सूर थोडा बदलला.

तो पुरता बदलला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हातून. १८६१ साली कोकणात करजगाव येथे चित्पावन घराण्यात जन्मलेल्या टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लोकांनी त्यांना फुलामुलांचे कवी म्हटले. ज्या घरात पाद्री शिरला नसता, त्या घरात त्यांची कविता मुलांच्या क्रमिक पुस्तकातून शिरली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते आमच्या साताऱ्यास आले. त्या काळी रेल्वेने साताऱ्यास जाणारा उतारू कोरेगाव तालुक्यातल्या सातारा रोड स्टेशनावर उतरे, त्यामुळे ही हकीकत आम्हांला घरची वाटते. तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या प्रत्येकास त्यात जागा होती. दरबार पुरता भरण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईस त्यांचे देहावसान झाले.

मात्र टिळकांचे घर महाराष्ट्राला खऱ्या अर्थाने दाखविले ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. चिरंजीव देवदत्त वडिलांच्या चरित्राची जुळवाजुळव करीत होते. त्यांनी आईला आठवणी लिहावयास सांगितले. शाळेचे शिक्षण नसलेल्या त्या बाईने सांगितलेल्या गोष्टींतून ‘स्मृतिचित्रे’ उभी राहिली. १९३४ पासून तिचे भाग निघू लागले. १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या, तेव्हा लेखन अपुरेच होते.

या पुस्तकात पाद्रीसाहेबांची आरती नाही. हाती आलेला पैसा गरजवंताला देऊन मोकळे होणारे, घटकेत रागावणारे आणि घटकेत हसणारे, न सांगता निघून जाणारे टिळक त्यात आहेत. पतीने धर्म बदलल्यावर सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या. सोवळ्यात वाढलेल्या त्या बाईने कवटाळून धरलेले विटाळाचे भय कसे कसे सुटत गेले, हे वाचताना आधी हसू येते आणि मागाहून डोळे भरतात. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो कोणाच्या हुकमाने नव्हे.

‘स्मृतिचित्रे’ आवडणाऱ्या अगणित मराठी घरांनी आपला धर्म सोडला नाही. पण पाद्री म्हणजे परका ही समजूत त्या घरांतून सैल झाली. पुढे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अस्सल मराठीत लिहून हेच काम केले. २०२० साली उस्मानाबादेस भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पाद्री अध्यक्ष कसा, असा आक्षेपही निघाला; तरी संमेलन भरलेच. २०२४ साली दिब्रिटो निवर्तले.

आजचे उपदेशक मोबाईलवर हसरे घर दाखवितात, त्याला माझी हरकत नाही. परंतु इतिहास दोन गोष्टी सांगतो. लोकांचा विश्वास बसला तो हसऱ्या घरावर नव्हे, तर ज्यात भांडण, दारिद्र्य आणि रुसवा होता अशा घरावर. दुसरे असे की, उपदेशकाच्या घराची गोष्ट केवळ उपदेशकाची नसते. टिळकांनी स्वतःच ती सांगितली असती, तर त्या पाच वर्षांची रात्र कशी गेली हे आपल्याला कधीच कळले नसते. लक्ष्मीबाईंना निदान स्वतःच्या तोंडाने बोलता आले. आज चित्रात हसणाऱ्या पत्नीला नि लेकरांना कोणी विचारले आहे काय?

या दिवाळीत फराळाची ताटे आवरल्यावर ‘स्मृतिचित्रे’तले दोन-चार प्रसंग घरात मोठ्याने वाचावेत. आजीपासून नातवापर्यंत सगळे हसतील. आणि एखाद्या प्रसंगी सगळेच गप्प होतील, तेव्हा वाचणाऱ्याने थोडे थांबावे.