खर्जाच्या तारेचं दुखणं

पियानोची खालची पट्टी दाबली आणि घुमण्याऐवजी नुसता 'ठप्प' असा आवाज आला, की आपण म्हणतो, तार म्हातारी झाली, बदला. पण ती अशी मुकी का होते, हे कळायला तिचा इतिहास बघावा लागतो.

१६३६ मध्ये फ्रान्समधले धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी तारेचा हिशेब मांडला. लांबी दुप्पट केली की स्वर एक सप्तक खाली येतो. लांबी आणि ताण तेच ठेवून वजन चौपट केलं, तरी तेच होतं.

आता पियानोकडे या. ४४० कंपनांच्या स्वराची तार साधारण ४० सेंटीमीटर. सर्वांत खालचा स्वर २७.५ कंपनांचा, म्हणजे चार सप्तकं खाली. नुसत्या लांबीवर भागवायचं, तर तार सहा मीटरच्या वर जाईल! एवढं वाद्य ठेवणार कुठे?

मग वजन वाढवा. तंबोऱ्याची खर्जाची तार जाड आणि पितळी असते, ती याचसाठी. पण फार जाड केली की तारेची सळई होते. ती ताठ होते, तिचे उपस्वर चढे लागतात. क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये पियानो घडवला. त्याच्या आज टिकून असलेल्या वाद्यांचा पल्ला चार-साडेचार सप्तकांचा. पुढे पल्ला सातच्या वर गेला आणि साधी तार पुरेना.

तोड जुनीच होती. आतड्याच्या तातीवर बारीक तार गुंडाळायची रीत १७व्या शतकातच आली होती. पियानोत आत पोलाद, वर तांब्याचं वेटोळं; वजन वाढलं, लवचीकपणा राहिला. १८५९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टाइनवे यांनी ग्रँड पियानोत खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरप्या ओढण्याचं पेटंट घेतलं. तेवढ्याच पेटीत जास्त लांबी मिळाली.

पण याच वेटोळ्याच्या फटींत धूळ बसते. मुंबई-गोव्यासारख्या खाऱ्या, दमट हवेत गंजही चढतो. वेढे एकमेकांना धरून बसतात आणि तारेची पुन्हा सळई होते! कधी वेटोळं सैल पडतं, मग तार खरखरते.

म्हणून जाणता कारागीर लगेच तार फेकत नाही. मळ असेल तर ताण उतरवून तारेला मोठा वळसा देतो आणि तो वळसा वरखाली फिरवतो, मळ सुटतो. वेटोळं सैल असेल तर खालच्या खुंटीवरचा फास काढून, वेटोळ्याच्याच दिशेने एक पीळ देऊन परत अडकवतो. हे घरी करू नका; एकेका तारेवर माणसाच्या वजनाएवढा ताण असतो.

यानेही नाही जमलं, तर बदलावीच लागते. पण काढलेली तार मोजून, नोंदून ठेवा. जुन्या वाद्याच्या कारागिराने कोणती जाडी, कोणता धातू निवडला होता, याचा पुरावा बहुधा त्या तारेतच असतो.