दोन वजाबाक्यांची कसोटी

औषध घेतलें आणि ताप उतरला, म्हणजे औषधानेंच ताप उतरला, असें मानण्याची मनुष्याची रीत फार जुनी आहे. ताप मुळांतच उतरणीला लागला होता काय, हा प्रश्न आजारी माणूस बरें झालेल्या घरांत सहसा कोणी विचारीत नाहीं. एका घरापुरती ही समजूत निरुपद्रवी असते. परंतु गांवोगांवच्या अर्भकांच्या जीविताचा प्रश्न येतो, तेव्हां ती महाग पडते. निरुपयोगी उपायाला यशाचें श्रेय दिलें, तर खरा उपाय मागें पडतो. आणि खऱ्या उपायाचें यश सिद्ध करतां आलें नाहीं, तर तो उपाय आपल्या गांवांची शीव ओलांडीत नाहीं. जुन्या चांदा जिल्ह्याच्या अरण्यभागांत विसाव्या शतकाच्या अखेरीस हाच प्रश्न उभा राहिला. तो सोडविण्यास जो विचार उपयोगीं पडला, त्याची पूर्वपीठिका मात्र डब्लिन शहरांतील एका बिअरच्या कारखान्यांत सांपडते.

विल्यम सीली गॉसेट हे ऑक्सफर्डचे पदवीधर १८९९ सालीं डब्लिन येथील गिनेस कंपनीच्या नोकरींत शिरले. जव व हॉप्स यांवरील प्रयोगांत त्यांच्या हातीं मोजकेच आंकडे येत, आणि त्या काळचें संख्याशास्त्र तर आंकड्यांच्या मोठाल्या राशींवर उभें होतें. चार-दहा निरीक्षणांवरून किती विश्वासानें बोलावें, हें सांगणारें गणित कोणापाशीं नव्हतें. १९०६-०७ मध्यें लंडनला कार्ल पिअर्सन यांच्याकडे राहून गॉसेट यांनीं त्या गणितावर काम केलें, आणि मार्च १९०८ च्या ‘बायोमेट्रिका’ या त्रैमासिकांत तें प्रसिद्ध झालें. कंपनीच्या माणसांनीं स्वतःच्या नांवानें शोधलेख छापूं नयेत, असा दंडक असल्यामुळें लेखाखालीं नांव पडलें ‘स्टुडंट’, म्हणजे ‘विद्यार्थी’. पुढें रोनाल्ड फिशर यांनीं १९२५ सालच्या आपल्या ग्रंथांतून ह्या कसोटीला आजचें रूप दिलें, आणि ‘टी-कसोटी’ या नांवानें ती जगभर रूढ झाली.

गॉसेट यांनीं दिलेलें पहिलें उदाहरण झोपेचें आहे. दहा रुग्णांवर निरनिराळ्या रात्रीं दोन औषधें वापरून, औषधावांचून लागणाऱ्या झोपेपेक्षां किती तास अधिक झोप लागली, याची नोंद दोघा संशोधकांनीं १९०५ सालीं प्रसिद्ध केली होती. पहिल्या औषधानें सरासरी ०.७५ तास झोप वाढली, दुसऱ्यानें २.३३ तास. फरक १.५८ तासांचा. परंतु एका रुग्णाची झोप दोन्ही औषधांनीं मुळीं फारशी वाढत नाहीं, तर दुसऱ्याची तीन-चार तासांनीं वाढते. माणसामाणसांतील ह्या अंतरापुढें औषधांतील अंतर झांकून जातें. यावर तोड साधी आहे. प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशींच करावी. दोन आंकड्यांची वजाबाकी केली कीं, त्या माणसाचा जन्मजात स्वभाव हिशेबांतून गळून जातो आणि उरतो तो केवळ औषधांचा फरक. धानाच्या दोन वाणांची परीक्षा करावयाची असतां शहाणा शेतकरी एकाच बांधींत दोन्ही वाण लावतो, तें ह्याच कारणासाठीं. बांधी एकच असल्यानें मातीचा व पाण्याचा वाद उरत नाहीं.

ह्या दहा वजाबाक्यांपैकीं नऊ दुसऱ्या औषधाच्या बाजूनें होत्या आणि एक शून्य होती. त्यांचें परस्परांतील विचलन १.२३ तास येतें. त्यास दहाच्या वर्गमुळानें भागिलें म्हणजे ०.३८९ मिळतात, आणि १.५८ ला ०.३८९ नें भागिलें असतां ४.०६ हा कसोटीचा आंकडा हातीं येतो. केवळ योगायोगानें असा निकाल लागण्याची शक्यता शंभरांत पांचांहून कमी म्हणावयाची, तर हा आंकडा २.२६ च्या पुढें जावा लागतो. येथें तो पुष्कळच पुढें गेला आहे. आतां हेच आंकडे जणूं निराळ्याच वीस माणसांचे आहेत असें धरून हिशेब केला, तर उत्तर १.८६ येतें, आणि तेथील मर्यादा आहे २.१०. आंकडे तेच, सरासरी तीच. पण जोडी मोडतांच पुरावा नाहींसा होतो. ‘आधीं’ आणि ‘नंतर’ यांची तुलना करणारास ह्या कसोटीचें मोल वाटतें तें यामुळें. हिंदुस्थानांत तिचा प्रसार प्रथम शेतीच्या प्रयोगांतून झाला, डॉ. वि. गो. पानसे व डॉ. पां. वा. सुखात्मे यांचा १९५४ सालचा शेतकी संख्याशास्त्रावरील ग्रंथ कित्येक पिढ्यांतील संशोधकांनीं अभ्यासिला.

तथापि ह्या कसोटीला एक गोष्ट सांगतां येत नाहीं. आधींच्या आणि नंतरच्या स्थितींत पडलेला फरक योगायोगाचा नाहीं, एवढेंच ती सांगते. तो कोणामुळें पडला, हें सांगत नाहीं. मधल्या काळांत पाऊस चांगला झाला असेल, रस्ता झाला असेल, एखादी सांथ ओसरली असेल. शिवाय दुर्दशा पराकोटीला पोंचली असतांनाच उपाय योजण्याची रीत असल्यामुळें कांहीं सुधारणा उपायावांचूनहि व्हावयाचीच असते. काळ हा ह्या हिशेबांतील न दिसणारा भागीदार आहे, आणि त्याचा वांटा वेगळा काढण्यास आणखी एक वजाबाकी लागते.

ती वजाबाकी गडचिरोलीनें करून दाखविली. चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वभाग तोडून २६ ऑगस्ट १९८२ रोजीं हा जिल्हा करण्यांत आला. वैनगंगेच्या पलीकडील ह्या साग, मोह व बांबूच्या मुलुखांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं ‘सर्च’ ह्या संस्थेमार्फत काम आरंभिलें. नवजात अर्भकें मरतात तीं बहुधा घरीं, रुग्णालयापासून दूर. म्हणून गांवांतीलच स्त्रियांना शिकवून ‘आरोग्यदूत’ करावें, बाळाचें वजन घेणें, त्यास ऊब देणें, स्तनपानास साह्य करणें, आणि जंतुदोषाचीं लक्षणें दिसतांच इंजेक्शन व औषध देणें हीं कामें त्यांजकडे सोंपवावीं, अशी ही योजना होती. ती ३९ गांवांत सुरू झाली. शेजारच्या ४७ गांवांत सरकारच्या नेहमींच्या आरोग्यसेवा चालू होत्या. तेथें ही योजना नेली नाहीं, परंतु जन्ममृत्यूंची मोजदाद मात्र केली.

१९९३ ते १९९५ ह्या आधींच्या काळांत ३९ गांवांत दर हजार जन्मांमागें ६२ अर्भकें पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावत. शेजारच्या ४७ गांवांत ५७.७. योजनेच्या तिसऱ्या वर्षीं, १९९७-९८ मध्यें, पहिल्या भागांतील प्रमाण २५.५ वर उतरलें. ही झाली पहिली वजाबाकी: शेंकडा ५८.९ घट. परंतु त्याच वर्षीं शेजारच्या गांवांतील प्रमाण ५९.६ होतें, म्हणजे शेंकडा ३.३ नें वाढलेलें. काळ आपोआप मदतीला आला नव्हता, हें ह्या आंकड्यानें सिद्ध झालें. दोन्ही मिळून निव्वळ घट शेंकडा ६२.२ ठरली. एकेका गांवांत वर्षाकांठीं जन्म थोडेच होतात, म्हणून येथें गांवागांवाची जोडी न लावतां साऱ्या भागाची लावावी लागते, आणि मृत्यूंच्या प्रमाणाला टी-कसोटीहून निराळें गणित लागतें. विचार मात्र तोच: ज्याची तुलना करावयाची, ती आधीं त्याच्या स्वतःशीं करावी.

हा वृत्तांत डिसेंबर १९९९ मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला. २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं नवजातांसाठीं गृहभेटींची शिफारस केली, आणि २०११ सालीं भारत सरकारनें ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत घरोघरच्या नवजात-सेवेची योजना देशभर हातीं घेतली.

ह्या यशाचा विचार करतांना २५.५ हा आंकडा सर्वांच्या डोळ्यांत भरतो. पण पुराव्याचा अर्धा भार ५९.६ ह्या आंकड्यावर आहे. ज्या गांवांत आरोग्यदूत पोंचली नव्हती, तेथील बाळांचे मृत्यूहि कोणी तरी मोजले आणि लिहून ठेवले. ती नोंद नसती, तर ३९ गांवांचें यश ही एक चांगली हकीकत ठरली असती; देशाला पटण्याजोगा पुरावा ती ठरली नसती.