ट्रकवरचा सीबी अँटेना: दोन काठ्या कशासाठी?

अहिल्यानगर–मनमाड रस्त्यावर ट्रकच्या टपावर दिसणारी छोटी काडी बहुधा एफएमवर गाणी ऐकण्यापुरती असते. अमेरिकेतल्या ट्रेलरच्या दोन्ही आरशांवर उभ्या असलेल्या उंच काठ्या मात्र सिटिझन बँड, म्हणजे सीबी रेडिओच्या. त्यावर चालक एकमेकांशी बोलतात.

सीबी चालतो २७ मेगाहर्ट्झच्या आसपास. तिथे तरंगलांबी सुमारे ११ मीटर, आणि काठी तिच्या पावपट, म्हणजे जवळपास पावणेतीन मीटर हवी. एवढी काठी टपावर लावली तर फांद्यांत अडकणारच. म्हणून तारेचे वेटोळे देऊन ती आखूड करतात. दोन काठ्यांनी रेंज दुप्पट होते हा गैरसमज आहे. मागचा उंच डबा एका बाजूचा सिग्नल अडवतो, तेव्हा दुसरी काठी कामी येते. केबिनचा पत्रा हा अँटेनाचाच उरलेला अर्धा भाग असतो. बॉडी अर्थ सैल असेल तर महागडी काठीही फुकट. एसडब्ल्यूआर मीटरने जुळणी न तपासता बोलत राहिल्यास सेट जळू शकतो.

भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५ वॅटपर्यंतच्या उपकरणांना २००५ पासून परवाना लागत नाही. ऑनलाइन विकले जाणारे बरेच वॉकीटॉकी या पट्ट्यातले नसतात. त्यांना ही सूट लागू होत नाही.