‘टाटाला नेले’, त्यानंतर

भिवंडीत कर्करोगाचे नाव सहसा कोणी तोंडाने घेत नाही. ‘टाटाला नेले आहे’ एवढे म्हटले की ऐकणारा समजतो आणि गप्प होतो. नेलेली बाई काही महिन्यांनी परतली, की ‘बरी झाली’ म्हणून सारे मोकळे होतात. तिच्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांची हकीकत मात्र कोणी विचारीत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा इतिहास वाचताना मला हीच उणीव वारंवार जाणवली आहे.

तसा हा इतिहास आपल्याकडे चांगला नोंदलेला आहे. मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यानंतर टाटांच्या विश्वस्त निधीतून उभारलेले परळचे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी वरकरणी साधा प्रश्न हाती घेतला : कोणत्या समाजात कोणता कर्करोग अधिक? हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा, पारशी स्त्रियांत स्तनाचा, असे दिसू लागले. १९६३ साली डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईची कर्करोग नोंदवही सुरू केली. देशातील अशी ती पहिलीच. या मंडळींचे ऋण मोठे आहे. परंतु नोंदवहीचा स्वभावच असा, की ‘जिवंत’ किंवा ‘मृत’ एवढे लिहिले की तिचे काम संपते.

जिवंत राहिलेल्या बाईचे काम तेथूनच सुरू होते. गाठ जाळणारे किरण शेजारचे मूत्राशय आणि आतडेही सोडीत नाहीत. त्याचे परिणाम कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी उमटतात. वरचेवर शौचाला लागते, क्वचित रक्त पडते, लघवी धरवत नाही. योनिमार्ग आकसतो, नवऱ्याजवळ जाणे दुखण्याचे होते. तरुण बाईची पाळी अवेळी जाते. शस्त्रक्रियेत गाठी काढल्या असतील तर पाय सुजतो. आता ही बाई आमच्या गावात आणून पाहा. मागाच्या खडखडाटात राहणारी, घरी कांड्या भरून चार पैसे मिळविणारी, आणि दहा बिऱ्हाडांत एक संडास! आमच्या आळीतल्या एक काकू बरे झाल्यावर लग्नकार्याला जाईनाशा झाल्या. लोक म्हणत, आजाराने मन विटले. खरे कारण त्यांनी माझ्या आईला सांगितले : मांडवात संडास कोठे आहे, हे कोणाला विचारायचे?

त्यात विषाणूची भर पडली. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९८३ साली या गाठींत एका पॅपिलोमा विषाणूचा प्रकार शोधून काढला. २००८ साली त्यांना नोबेल मिळाले. शोध थोर खराच. पण विषाणू शरीरसंबंधातून जातो, एवढे अर्धे वाक्य घरी पोहोचले, की संशयाची सुई बाईकडे वळते. उरलेले अर्धे वाक्य असे, की हा विषाणू बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हातरी गाठतोच, बहुधा आपोआप जातो, आणि काहींत वर्षानुवर्षे मुका राहतो. एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही तो होतो. हे डॉक्टरांनी नवऱ्याला बाईसमोर सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या शोधाचा उत्तम उपयोग मराठवाड्यात झाला. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या विषाणू-तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. रोग होण्याआधीच पकडला गेला, तर किरणांची वेळच येत नाही.

उशिरा आलेल्यांचे काय? परळच्याच ८५० स्त्रियांवरील प्रयोगात किरणांना औषधाची जोड दिल्यावर पाच वर्षांनी शंभरांत ४६ ऐवजी ५४ स्त्रिया हयात होत्या. हे २०१८ चे. आठ जणी अधिक जगल्या, हे थोडे नव्हे. परंतु मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो २०२१ साली प्रसिद्ध झालेला, शस्त्रक्रियेनंतर किरण घेणाऱ्या ३०० स्त्रियांवरील प्रयोग. तेथे मुख्य प्रश्नच निराळा होता : आतड्याचा त्रास किती जणींना उरतो? जुन्या पद्धतीत तीन वर्षांत शंभरांत ४२, तर चित्रे पाहून किरणांचा नेम साधणाऱ्या नव्या पद्धतीत २१. संडासाच्या फेऱ्या प्रथमच शास्त्राच्या मुख्य रकान्यात आल्या, निदान आपल्याकडे तरी मी असे पूर्वी पाहिले नव्हते.

आयुष्याची प्रत मोजणारी एक युरोपीय प्रश्नावली १९९३ पासून जगभर वापरात आहे. २००५ साली टाटाच्या डॉक्टरांनी ती तोंड-घशाच्या रुग्णांवर मराठीतून व हिंदीतून पारखून पाहिली. झोप, चालणे, पैशाची ओढ, घरच्यांशी वागणे, सारे तीत विचारले जाते. पहिलाच प्रश्न जड पिशवी उचलण्याविषयी आहे. आमच्याकडे तो कांड्यांच्या पोत्याविषयी विचारावा लागेल.