पिंपातले पाणी आणि प्रशासन

मलेरियाच्या इतिहासात सिकंदराबाद आणि कोलकाता या शहरांची नावे आदराने घेतली जातात. बेंगळुरूचे नाव सहसा निघत नाही. प्रशासनाचा विद्यार्थी म्हणून मला मात्र इथलाच एक प्रसंग अधिक बोलका वाटतो.

१८८३ साली रोनाल्ड रॉस हा तरुण लष्करी डॉक्टर बेंगळुरूच्या छावणीत हंगामी पदावर आला. त्याच्या बंगल्यात डासांचा फार उपद्रव होता. शोध घेता खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या. त्याने पिंप उपडे केले आणि उपद्रव थांबला. मेसमधील डबे व फुलदाण्याही रिकाम्या कराव्यात, असे त्याने ॲडज्युटंटला सुचवले. निसर्गाच्या क्रमात ढवळाढवळ नको, असे म्हणून त्या अधिकाऱ्याने ते साफ नाकारले.

डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी रॉसला दिसले ते २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत. म्हणजे डास आवरण्याचा साधा उपाय १४ वर्षे आधीच हाती आला होता. अडले ते दुसऱ्याच्या संमतीपाशी.

पुढे मुंबईतही हेच घडले. शहरातील विहिरी मलेरियाच्या डासांचे माहेरघर आहेत, असे डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात दाखवले. पण विहिरी झाकण्या-बुजवण्यास धार्मिक भावनेतून विरोध झाला. १९५३ पासून देशभर डीडीटीची फवारणी झाली आणि रुग्णसंख्या झपाट्याने घटली. मात्र १९७६ पर्यंत ती पुन्हा ६४ लाखांवर गेली. फवारणी सरकार करू शकते. घरोघरची पिंपे उपडी करणे एकट्या सरकारच्या हातचे नाही.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास तर घरातल्या साठवलेल्या, स्वच्छ पाण्यातच वाढतो. सुमारे १०० किलोमीटरवरून कावेरीचे पाणी आणणाऱ्या बेंगळुरूत ते टाक्यांत, पिंपांत साठवावेच लागते. २०२४ साली कर्नाटक सरकारने डेंग्यूला साथरोग घोषित केले आणि डासांची पैदास होऊ देणाऱ्या शहरी घरांना ४०० रुपये दंड ठरवला.

त्याच पावसाळ्यात एक आशा कार्यकर्ती आमच्या दारी आली. ‘आमच्याकडे काही सापडणार नाही,’ असे मी अधिकारवाणीने सांगितले. तिने शांतपणे तुळशीच्या कुंडीखालची ताटली ओढली. पाण्यात अळ्या होत्या. मला तो ॲडज्युटंट आठवला.

आता दर रविवारी मी ती ताटली घासून कोरडी करतो. नुसते पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी राहिली, तरी कित्येक महिने जगतात.